बहिऱ्यांचा पुकारा

हौशी भोये त्या दिवशी कचेरीत नव्हती, म्हणून ते काम तिच्या गळ्यात पडलं.

सन अठ्ठ्याण्णवचा मार्च महिना. जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांतल्या डोंगरी पाड्यांसाठी तेव्हा एक वेगळी कचेरी असायची. मोखाड्याच्या बाजारामागे भाड्याच्या दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर पाण्याचं पिंप. तिचं सरकारी नाव इतकं लांबलचक होतं की ते पाटीवर मावलं नाही. रंगाऱ्याने अर्ध्यावरच ब्रश धुऊन टाकला आणि लोकांनी तिला जोडकचेरी म्हणून टाकलं. हौशी तिथे कनिष्ठ लिपिक. आवक-जावक तिच्याकडे. सूर्यमाळच्या वरच्या अंगाला तिचा पाडा, आणि त्या पाड्यातून बारावी झालेली ती पहिलीच. कचेरीत नवा साहेब आला की पहिल्या दिवशी हमखास विचारायचा, "हौशी हे नाव आहे की विशेषण?" आणि स्वतःच हसायचा. तीन साहेब झाले, विनोद तोच.

तर मार्चमध्ये वरून एक परिपत्रक आलं. प्रत्येक कार्यालयाने अपंग व्यक्तींना शासकीय माहिती सुलभतेने आणि त्यांना आकलन होईल अशा भाषेत उपलब्ध करून देण्यासाठी एका कर्मचाऱ्यास समन्वयक म्हणून नामनिर्देशित करावे, असं त्यात लिहिलं होतं. हेडक्लार्क वामनराव, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, त्यांनी ते तीनदा मोठ्याने वाचलं. आकलन कुणालाच झालं नाही. काम वाढणार एवढं मात्र सगळ्यांना पहिल्याच वाचनात समजलं. जो तो खिडकीबाहेर बघू लागला. हौशी त्या दिवशी रजेवर होती, आईची दाढ काढायला जव्हारला गेली होती. तिला खिडकीबाहेर बघण्याची संधीच मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर आदेश.

"अभिनंदन," वामनराव म्हणाले.

"भाऊसाहेब, पण याच्यात करायचं काय असतं?"

"तसं काही नाही. वर्षाला एक अहवाल द्यायचा."

"अहवालात काय लिहायचं?"

"काम केलं म्हणून." वामनरावांनी पानाचा डबा उघडला. "आणि तुझी आई पण ती..." त्यांनी स्वतःच्या कानाला बोट लावलं. "म्हणजे घरचाच अनुभव."

ते मात्र खरं होतं. हौशीची आई बुधी पाच वर्षांची असताना तापाने फणफणली, ताप उतरला तेव्हा कान गेले होते. घरात मग हातांची एक भाषा आपोआप तयार झाली. पाऊस, नागली, विहीर, पाहुणा, सगळ्यांना खुणा. फॉरेस्ट गार्ड म्हणजे खांद्यावर दोन बोटं, मास्तर म्हणजे पिरगाळलेला कान. हौशी आधी हातांनी बोलायला शिकली, मग बापाकडून पाड्याची बोली शिकली आणि शाळेतली मराठी तिला मास्तरांच्या छडीने शिकवली. त्यामुळे ज्याला जसं कळेल तसं सांगायचं, यात काही विशेष असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. सरकारने त्यासाठी वेगळं पद काढलंय याचं तिला मनापासून कौतुक वाटलं.

तिची चूक इथेच झाली. तिने काम खरोखरच करायला घेतलं.

सुटीच्या दिवशी ती पाडे पालथे घालू लागली. उन्हाळ्यात सूर्यमाळच्या विहिरीवर बायका झऱ्याला पाणी येईपर्यंत तासन् तास बसून राहतात, तिथे बसलं की सगळ्या घरांची खबर मिळते. कुणाचा हात वाकडा, कुणाला दिसत नाही, कुणाच्या सासूला ऐकू येत नाही. पावसाळ्यापर्यंत तिच्या वहीत एकसष्ट नावं झाली. एकाकडेही अपंगत्वाचा दाखला नव्हता. आणि दाखला नसेल तर सरकारच्या लेखी माणूस धडधाकट. मग तो एस्टीत धडधाकट, रेशनच्या रांगेत धडधाकट, आणि योजनेच्या यादीत तर शोधूनही सापडायचा नाही.

डिसेंबरात दाखल्यांचं शिबिर ठरलं. जव्हारच्या एका शाळेचं पटांगण, जिल्ह्याहून येणारे डॉक्टर, मांडव, हार, भोंगा. हौशीने पाड्यापाड्यांतून माणसं जीपमध्ये भरून आणली. नऊच्या आधी सगळे हजर. तेवढ्यात वामनराव म्हणाले, "पाहुण्यांच्या चहा-पोह्यांचं तू बघ. बायकांना ते नीट जमतं. पुकाऱ्याचं मी बघतो." हौशी आत गेली आणि पाहुणे एकामागून एक येतच राहिले. दोन वाजता ती बाहेर आली तेव्हा वामनराव माईक गुंडाळत होते.

आंब्याखाली बुधी बसली होती. तिच्या शेजारी ओळीने आणखी नऊ जणं, सगळी ठार बहिरी. सकाळपासून कुणी जागा सोडली नव्हती. मघापर्यंत वामनराव त्यांच्याकडे तोंड करून काहीतरी बोलत होते, तर ही मंडळी अदबीने हसून त्यांच्याकडे बघत होती.

हौशीने रजिस्टर ओढून घेतलं. दहाही नावांपुढे लाल शाईत लिहिलं होतं: गैरहजर.

"भाऊसाहेब, हे काय?"

"तीनदा पुकारा केला. नियम आहे तीनचा. मी तर चारदा केला."

"अहो, ते बहिरे आहेत!"

"म्हणून तर बोलावलंय ना त्यांना. पण आल्यावर माणसाने ओ द्यायला नको?"

"ऐकू येत नाही तर ओ कशी देणार?"

वामनरावांचा चेहरा उजळला. "देवराम नाही का आला? तोही बहिराच. नाव घेतल्याबरोबर उठून आला बघ."

देवरामला ऐकू आलं नव्हतं. त्याची बायको, काळी तिचं नाव, शेजारी बसली होती, तिने नाव ऐकून त्याच्या बरगडीत कोपर मारलं. देवराम दचकून उठला आणि तडक टेबलाशी गेला. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, रजिस्टरकडे पाहिलं, आणि म्हणाले, "पुकारल्याबरोबर येतोय की." त्याच्या कागदावर लिहिलं गेलं: श्रवणदोष आढळून येत नाही. देवराम तो कागद दोन्ही हातांत धरून सगळ्यांना दाखवत फिरत होता. त्याला वाटलं, काम झालं.

आंधळ्या लाडक्यालाही एक कागद मिळाला होता. नीट वाचून सही करायची, असं त्याला सांगण्यात आलं होतं. बाकीच्यांना पुढच्या शिबिराला या म्हणून परत पाठवलं; दाखला एकालाही मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौशीने अहवाल लिहायला घेतला. दोन पानं, सोप्या मराठीत, घडलं तसं. बहिऱ्या माणसाने ओ दिली तर तो बहिरा नाही आणि दिली नाही तर तो हजर नाही, मग त्याने करायचं काय, असंही शेवटी विचारलं. वामनराव म्हणाले, अहवालात प्रश्न विचारत नाहीत. तरी तिने तो पाठवला.

चार महिन्यांनी उत्तर आलं. कर्णबधिर व्यक्तींपर्यंत पुकारा पोहोचत नसल्याची बाब कार्यालयाने अत्यंत गांभीर्याने घेतली होती. त्यावर उपाय म्हणून अधिक क्षमतेचा ध्वनिक्षेपक मंजूर करण्यात आला होता.

तो खरंच आला. मोठमोठे दोन कर्णे, लाकडी पेटी, पेटीवर पांढऱ्या रंगात "कर्णबधिरांसाठी" असं लिहिलेलं. वामनरावांनी ओट्यावर उभं राहून "हॅलो, हॅलो" केलं तर बाजारात बांधलेली म्हैस दावं तोडून पळाली. "सूर्यमाळपर्यंत जाईल आवाज," ते अभिमानाने म्हणाले.

हौशीने घरी गेल्यावर आईला हातांनी सांगितलं, की सरकारने तुमच्यासाठी मोठा भोंगा घेतलाय. बुधीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि हातांनीच विचारलं, "बघायला कधी आणणार?"

दोन हजार साली नवा साहेब आला. पुण्याचा. माणूस वाईट नव्हता. लाच खायचा नाही, ओरडायचा नाही, वेळेवर यायचा. त्याला एकच व्यसन, भाषणाचं. आणि त्याची मराठी अशी, की वामनरावसुद्धा मान डोलवताना अंदाजानेच डोलवत. फायलींमध्ये त्याने हौशीचा आदेश शोधून काढला आणि समन्वयक म्हणजे दुभाषी, असा त्याचा अर्थ लावला. आपल्याकडे दुभाषी आहे आणि आपण तिला वापरत नाही, याचा त्याला खेद वाटला.

पहिली सभा सूर्यमाळला. साहेब मांडवात उभा राहिला. शेजारी हौशी. तोंडाने बोलीत आणि हातांनी बहिऱ्यांसाठी, अशी दुहेरी कामगिरी तिच्यावर. साहेबाने घसा साफ केला.

"अपंग बांधवांच्या पुनर्वसनाच्या व्यापक दृष्टिकोनातून एक सर्वंकष कृती आराखडा विचाराधीन असून, त्याच्या अंमलबजावणीची पूर्वतयारी अंतिम टप्प्यात आहे." आणि तो तिच्याकडे बघून थांबला.

हौशीने शब्द मनातल्या मनात उचलून पाहिले. विचाराधीन. पूर्वतयारी. अंतिम टप्पा. बोलीत यांना शब्द नव्हते, आणि हातात तर मुळीच नव्हते. हातांच्या भाषेत एखादी गोष्ट झालेली असते नाहीतर झालेली नसते. समोर पन्नास-साठ चेहरे तिच्याकडे बघत होते. ती जे बोलली ते शाळेच्या मराठीत सांगायचं तर एवढंच होतं: "साहेब म्हणतात, अजून काही केलेलं नाही. करायचं का, हे ठरवायचं चाललंय."

हात तोंडापेक्षा लवकर पोहोचले. सगळ्यांत आधी बुधी हसली. मग बहिऱ्यांची ओळ हसली, मग मागचा सगळा मांडव. कुणीतरी टाळी वाजवली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

साहेबाच्या आयुष्यात भाषणाच्या मध्यावर टाळी पडण्याची ही पहिलीच वेळ. तो आणखी चाळीस मिनिटं बोलला. दर पाच-सात मिनिटांनी हौशी सांगायची, "साहेब पुन्हा तेच म्हणतायत," आणि पुन्हा टाळ्या.

परत येताना साहेब जीपमध्ये म्हणाला, "हौशीबाई, काय ग्रहणशक्ती आहे हो या लोकांची! नाहीतर आमच्याकडचे श्रोते." जीप चालवणारा रघु साखरशेतचा, त्याला बोली येत होती. त्याने गळ्यातला टॉवेल तोंडावर ओढून घेतला आणि धूळ फार आहे म्हणाला. सप्टेंबर महिना होता, रस्त्यावर घोट्याइतका चिखल.

तिथून हौशीची चढती कमान सुरू झाली. साहेब तिला घेऊन गावोगाव फिरू लागला. लोक लांबलांबून यायचे. "हौशीबाईची सभा कधी?" असं बाजारात विचारायचे. साहेबाचं नाव कुणी घ्यायचं नाही, पण त्याला ते माहीत नव्हतं. जिल्ह्याहून तिला प्रशस्तिपत्र मिळालं: क्लिष्ट शासकीय आशय जनमानसापर्यंत पोहोचविल्याबद्दल. वामनराव तिला आता "मॅडम" म्हणू लागले आणि चहा-पोह्यांना दुसरी बाई शोधू लागले. साहेबाने तर टेपरेकॉर्डर घेतला आणि आपली भाषणं भाषांतरासकट कॅसेटवर भरून वर पाठवायला सुरुवात केली, नमुना म्हणून.

"हौशीताय, एक दिवस अंगाशी येईल," रघु तिला चहाच्या टपरीवर म्हणाला.

"मी पदरचं काही घालते का, रघुदादा? नुसतं पाखडते. फोल उडून जातं, दाणा राहतो. दाणाच कमी असला तर माझा काय दोष?"

तिला यात मजा वाटत होती, हे खोटं नाही. सुरुवातीला तर फारच. पण दोन पावसाळे गेले आणि तिच्या वहीतली एकसष्ट नावं तशीच राहिली. उलट एक कमी झालं, सातुर्ल्याची गोदी वारली. तिचा हात जन्मापासून वाकडा होता, आणि सरकारच्या लेखी ती धडधाकट मेली. दुसरं शिबिर होतच नव्हतं. दर भाषणात ते "लवकरच" होतं. लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे आणि डोंगर चढून घरी जायचे. हौशीला कधीकधी वाटे, आपण यांना हसवतो म्हणून हे रडत नाहीत, आणि रडत नाहीत म्हणून साहेबाचं बरं चाललंय. म्हणजे आपण नेमकी कुणाची नोकरी करतोय?

दोन हजार दोनच्या जानेवारीत साखरशेतला सभा होती. भातं झोडून झाली होती, माणसं मोकळी होती, गर्दी मोठी. सूर्यमाळहून बुधीही आली होती, पहिल्या ओळीत बसली होती. साहेब रंगात आला.

"नजीकच्या भविष्यकाळात आपणा सर्वांना प्रमाणपत्रे सन्मानपूर्वक प्रदान करण्यात येतील!"

हौशी वळली. तोंड उघडणार तोच तिला आईचा हात दिसला. बुधीने हवेत सूर्याचं एक अर्धवर्तुळ काढलं, या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत. मग बोटं पसरली. म्हणजे, किती दिवस? चेष्टेने नाही, खरोखरच विचारत होती. ओळीतल्या सगळ्या बहिऱ्यांनी हौशीकडे पाहिलं.

हौशीचा हात वर गेला. तो तिने नेला की तोच गेला, हे तिला नंतरही सांगता आलं नाही. हाताने बाजाराची खूण केली, एक बाजार सोडून पुढचा. मग तोंडालाही मागोमाग जावं लागलं. "येता बाजार सोडून पुढच्या बाजाराला. मोखाड्याला, शाळेच्या आवारात. डॉक्टर येणार. साहेबाने शब्द दिलाय."

या वेळी कुणी हसलं नाही. मागून आंधळा लाडक्या काठी टेकत उठला आणि साहेब जिथे असेल असं वाटलं तिथे बघून त्याने हात जोडले. मग बाकीचेही उठले.

"किती भावुक लोक," साहेब जीपमध्ये डोळे पुसत म्हणाला.

रघु तोंडावर टॉवेल घ्यायचं विसरला. साहेबाला उतरवल्यावर तो हौशीला म्हणाला, "ताय, आज तुम्ही पाखडलं नाय. पेरलं."

"माहीत आहे."

"आता?"

"आता उगवायला पाहिजे," हौशी म्हणाली. ती ओट्यावर बसली, पिंपातलं पाणी प्यायली, परत प्यायली. अकरा दिवस होते.

डॉक्टरांना बोलवायचं तर साहेबाच्या सहीचं पत्र हवं. खरं सांगितलं तर सही मिळणार नाही. हौशीने रात्र न जागता, दुपारच्या जेवणाच्या सुटीत, पाच ओळींचं पत्र लिहिलं. दिवस, वेळ, जागा, माणसं किती, त्यांत बहिरी किती, आंधळी किती, हातापायाने अधू किती, कुठली यंत्रं आणावीत. बस. ते तिने सहीच्या फायलीत सगळ्यांत वर ठेवलं, लपवलं नाही. साहेबाने पत्रावर नजर टाकली. एकही अवघड शब्द नव्हता. म्हणजे पत्र किरकोळ असणार. त्याने सही केली आणि खालच्या "विषयांकित प्रकरणी उपरोक्त संदर्भान्वये" वाल्या कागदाकडे आदराने वळला.

ठरल्या दिवशी बाजार भरला आणि डॉक्टर आले. दोन आले. त्यांतले थोरले म्हणाले, "मी मुद्दाम आलो. कुठे, कधी, किती हे तिन्ही लिहिलेलं सरकारी पत्र मला नोकरीत पहिल्यांदाच मिळालं."

पुकाऱ्याची सोय हौशीने आधीच केली होती. प्रत्येक बहिऱ्याला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर चित्र: मासा, खेकडा, कोंबडा, विळा. तसाच दुसरा तुकडा टेबलावर. ज्याची पाळी, त्याचं चित्र वर धरायचं. बुधी मासा होती.

वामनराव कर्णे लावून बसले होते, सवयीने. "पण रजिस्टरात पुकाऱ्याची नोंद काय करू?"

"लिहा, मासा आला."

वामनराव तेहेतीस वर्षांच्या नोकरीत इतके कधी गोंधळले नव्हते. थोड्या वेळाने मात्र त्यांना हुरूप आला. हौशी चित्र वर करी आणि ते माईकमध्ये ओरडत, "कोंबडा! कोंबडा कोण आहे, लवकर या!" बाजारातली निम्मी माणसं विकायला आणलेल्या कोंबड्या घेऊन आवाराच्या दाराशी आली.

साहेब त्या दिवशी बैठकीहून परतत होता. आवारात दोनशे माणसं दिसली, त्याला वाटलं मोर्चा. त्याने रघुला जीप मागे घ्यायला सांगितली. रघु म्हणाला, "साहेब, रिव्हर्स पडत नाही." लोकांनी जीपला गराडा घातला, हात जोडले, तो उतरला तर एका म्हातारीने त्याच्या बुटांना हात लावला. शब्द पाळणारा साहेब त्या भागात कुणी पाहिला नव्हता. गावच्या बातमीदाराने फोटो घेतला, तो दोन दिवसांनी पेपरात आला: दिलेल्या वचनास जागलेला अधिकारी.

साठ दाखले झाले. देवरामचाही झाला, या खेपेला काळीला डॉक्टरांनी लांब उभं केलं होतं. वार्षिक अहवालात शिबिराच्या यशाचं श्रेय नव्या ध्वनिक्षेपकाला दिलं गेलं.

सगळं गोड झालं असतं, पण वरचे एक बडे साहेब दुखावले. शिबिर झालं याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. ते उद्घाटनाशिवाय झालं, हे त्यांना लागलं. इतकं मोठं शिबिर, आणि फीत कुणी कापली? कुणीच नाही? मग ते झालं कसं? खुलासा मागवला. साहेबाने प्रामाणिकपणे लिहिलं, की पत्रावरची सही आपलीच आहे, पण सभेत दिवस जाहीर केल्याचं आपल्याला स्मरत नाही. साखरशेतची कॅसेट वर होतीच. चौकशी लागली.

चौकशी अधिकारी कडक माणूस, चष्मा कपाळावर. जोडकचेरीच्या आतल्या खोलीत टेपरेकॉर्डर ठेवला, साहेब एका बाजूला, हौशी दुसऱ्या बाजूला. कॅसेट लागली. साहेबाचं भाषण झालं, हौशीचा आवाज आला. चौकशी अधिकाऱ्याने बटण दाबलं.

"हिने काय म्हटलंय? मराठीत कोण सांगेल?"

वामनरावांनी आदेशाची फाइल काढली आणि हळूच म्हणाले, "दोन्ही तालुक्यांत अधिकृत दुभाषी एकच आहेत, साहेब. याच मॅडम."

"आणि तो ड्रायव्हर?"

"त्याचं ग्राह्य धरता येत नाही. त्याच्या नावाने आदेश नाही."

अशा रीतीने हौशी स्वतःविरुद्धचा पुरावा भाषांतर करायला बसली. तिला सहज खोटं सांगता आलं असतं. आदल्या रात्री तसं तिने ठरवलंही होतं. पण कॅसेट सुरू झाली आणि तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, साखरशेतच्या मैदानातला, सरळ, न अडखळणारा. त्या आवाजाशी खोटं बोलणं तिच्या जिवावर आलं. तिने शब्दन् शब्द सांगितला. "साहेब म्हणतात, अजून काही केलेलं नाही," हे तिचं सभेतलं नेहमीचं वाक्यही सांगितलं. "साहेब पुन्हा तेच म्हणतायत," हेही चारदा सांगितलं. साहेबाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. दोन वर्षांच्या सगळ्या टाळ्या त्याच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेल्या असाव्यात. हौशीला त्या क्षणी त्याची कीव आली. मग बाजाराच्या दिवसाचं वाक्य आलं, तेही तिने जसंच्या तसं सांगितलं.

"म्हणजे मूळ भाषणात नसलेला दिनांक तुम्ही घातलात," चौकशी अधिकारी म्हणाला.

"हो, साहेब."

"का?"

"आईने विचारलं, किती दिवस. हातांच्या भाषेत लवकरच हा शब्द नाही. आकडा द्यावा लागतो."

अधिकाऱ्याने चष्मा डोळ्यांवर घेतला, तिच्याकडे नीट पाहिलं आणि एक कागद साहेबापुढे सरकवला. "आरोप शाबीत करायला तुमचं निवेदन हवं. फक्त एवढं लिहा: माझ्या पंचेचाळीस मिनिटांच्या भाषणात कोणताही दिनांक, ठिकाण किंवा ठोस आश्वासन नव्हते. आणि खाली सही."

साहेबाने पेन उघडलं. पहिला शब्द लिहिला: "माझ्या." मग थांबला. टेबलावर पेपरातलं ते कात्रण होतं, त्यात तो हात जोडलेल्या म्हाताऱ्यांमध्ये उभा होता. शेवटी त्याने लिहिलं, "माझ्या मनात तोच दिनांक होता. दुभाषींनी तो अचूक ओळखला." सही केली आणि कुणाकडे न बघता उठून गेला.

प्रकरण मिटलं. चौकशीचा शेरा आला: सदर भाषांतर मूळ भाषणापेक्षा फारच संक्षिप्त असल्याचे दिसून येते; यापुढे दोहोंतील शब्दसंख्या समान राहील याची दक्षता घ्यावी.

साहेबाची बढतीवर बदली झाली. जाताना त्याने हौशीला बोलावलं. "एक विचारू? पहिल्या सभेला, सूर्यमाळला, टाळ्या पडल्या त्या..."

"तुमच्यासाठीच होत्या, साहेब," हौशी म्हणाली. "इतकं खरं तिथं आधी कुणी बोललं नव्हतं."

तो हसला की काय, ते तिला नीट कळलं नाही.

हौशीची बदली जव्हारला झाली. पद तेच, अतिरिक्त कार्यभार तोच, फक्त पाडे दुप्पट. निघायच्या आदल्या दिवशी ती घरी गेली. बुधीने दाखला तांदळाच्या कणगीमागून काढला, प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर घेतला आणि त्यावरच्या एका आकड्यावर बोट ठेवलं. हे काय?

ऐंशी टक्के, हौशीने सांगितलं. मग ते हातांनी सांगावं लागलं. दहा बोटं वर केली, त्यातली आठ मिटली. एवढं ऐकणं गेलंय, असं सरकार म्हणतं.

बुधीने लेकीच्या उघड्या राहिलेल्या दोन बोटांकडे पाहिलं. आणि हे?

एवढं ऐकू येतं, असं सरकारचं म्हणणं.

पन्नास वर्षांत या दोन बोटांएवढं तरी कोण काय बोललं होतं, ते बुधी आठवत असावी. मग तिने हात हलवले, सावकाश, हौशीला नीट कळावं म्हणून. मला एवढं ऐकू येतं म्हणतात, तर मग बोलले का नाहीत?

हौशीने तो प्रश्न वहीत टिपून घेतला. दुसऱ्या दिवशी जव्हारच्या नव्या टेबलावर तिच्यासाठी सात परिपत्रकं येऊन पडली होती. तिने पहिलं उघडलं, दोनदा वाचलं आणि पाठीमागे पेन्सिलने त्याचा अर्थ लिहायला घेतला. दीड ओळीत संपला.